बाराशे किलोमीटर पाणी

मे महिन्याचा तिसरा आठवडा उजाडला की हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात दोनच गोष्टींची विचारपूस चालते, हळदीच्या भावाची आणि पावसाची. ऊन मी म्हणत असतं, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि अशात एक दिवस बातमी येते: मान्सून अंदमानात दाखल. तेवढ्या एका वाक्यावर सेनगाव-कळमनुरीपासून वसमतपर्यंत बियाण्याचे, खताचे, मजुरीचे हिशेब सुरू होतात. केरळात पाऊस साधारण १ जूनला येतो आणि मराठवाड्यात पोचायला त्याला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे अंदमानपासून आपल्या बांधापर्यंतचा त्याचा प्रवास तीन-चार आठवड्यांचा. दरवर्षी प्रत्येक घरात या बेटांचं नाव निघतं, पण तिथं माणसानं जायचं कसं, किती वेळ लागतो आणि वाटेत काय असतं, हे फार थोड्यांना नीट ठाऊक असतं.

हिंगोलीचं आणि अंदमानचं नातं पावसापुरतंच नाही. नकाशा उघडून कयाधू नदीवर बोट ठेवा. हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू पुढं पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत उतरते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांतून सुटणारं पूर्णेचं पाणीही गोदावरीतच जातं. गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला मिळते. हिंगोलीपासून कोकणचा किनारा जवळ आहे, तरी जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एक थेंबही अरबी समुद्रात जात नाही. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे जी झड लागते, तीही बऱ्याचदा बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगड आणि विदर्भावरून पश्चिमेला सरकल्यामुळे. पाणी तिकडूनच येतं आणि तिकडंच परत जातं. त्या समुद्रात जी बेटं आहेत, ती म्हणजे अंदमान आणि निकोबार. म्हणून उष्ण कटिबंधातल्या बेटावर जाण्याची गोष्ट सांगायला मी हीच बेटं घेतली.

ज्यांना तिकीट काढावं लागलं नाही

आज अंदमानला जाणारा माणूस हौसेनं जातो. पण पहिली कित्येक दशकं तिथं गेलेल्या बहुतेकांनी हा समुद्र बेड्या घालून ओलांडला, आणि त्यांत आपल्या भागातली माणसंही होती.

हिंगोली ही निजामाच्या राज्यातली इंग्रजी फौजेची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंटची पलटण इथं असे आणि छावणीचा बाजार भरभराटीला आलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठगांचा बंदोबस्त सुरू झाला, तेव्हा याच बाजारात प्रतिष्ठित कापड-व्यापारी म्हणून वावरणारा हरिसिंग हा ठगांचा म्होरक्या निघाला. ही हकिगत मेडोज टेलर यानं १८३९ च्या आपल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे. पकडलेल्या ठगांपैकी ज्यांची फाशी चुकली, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला समुद्रापारची हद्दपारी आली. तोवर अंदमानात कैद्यांची कायम वसाहत नव्हती. हिंदुस्थानातले कैदी पेनांग, सिंगापूर, तेनासरीम आणि काही काळ मॉरिशसलाही पाठवले जात.

अंदमानची पाहणी त्याआधी झालेली होती. १७८९ च्या सुमारास तिथलं बंदर शोधून नकाशावर आणणारा आर्चिबाल्ड ब्लेअर हा ‘बॉम्बे मरीन’ या कंपनी सरकारच्या मुंबईच्या आरमारातला अधिकारी. पोर्ट ब्लेअर हे नाव त्याचंच. त्या वेळी वसवलेली पहिली वस्ती रोगराईनं १७९६ मध्ये मोडली. पुढं १८५७ चा उठाव झाला, कैद झालेल्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न सरकारपुढं आला आणि १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन ‘सेमिरॅमिस’ या जहाजातून तिथं उतरला.

आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातूनही माणसं गेली. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्या जमावाचे एक पुढारी मौलवी अल्लाउद्दीन यांना अंदमानात पाठवलं गेलं आणि तिथंच त्यांचा अंत झाला. आजच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या कौलास भागातल्या उठावात रंगराव पागे पकडले गेले. त्यांची फाशी जन्मठेपेवर आली, त्यांनाही अंदमानला नेण्यात आलं आणि तेही तिथंच वारले. त्यांची नावं आज आपल्या शाळांत क्वचितच घेतली जातात, ती घेतली गेली पाहिजेत.

मराठी माणसाला अंदमान म्हटलं की आठवतात ते विनायक दामोदर सावरकर. दोन जन्मठेपांची, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन ‘महाराजा’ या आगबोटीनं ते मद्रासहून निघाले आणि ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला उतरले. थोरले बंधू बाबाराव आधीच तिथं होते. जहाजाच्या खालच्या भागात पिंजऱ्यासारख्या जागेत दाटीवाटीनं कोंबलेल्या कैद्यांबरोबर झालेल्या या प्रवासाचं वर्णन ‘माझी जन्मठेप’मध्ये आहे. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये पुरं झालं होतं. मधला मनोरा आणि त्याभोवती सात लांब इमारती अशी त्याची रचना होती. त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. १९२१ मध्ये सावरकर बंधूंना मुख्य भूमीवर आणलं, तेही याच ‘महाराजा’ बोटीतून.

त्या तुरुंगाला उंच तटाची फारशी गरज नव्हती. पळून जाणारा जाणार कुठं? एका बाजूला जंगल, बाकी सगळीकडं पाणी. आपण आज जो प्रवास करतो, तो नेमक्या याच पाण्यावरून, आणि ते किती आहे याचा अंदाज येण्यासाठी तो कसा होतो हे समजून घ्यायला हवं.

विमानानं

चेन्नई, विशाखापट्टणम आणि कोलकाता ही मुख्य भूमीवरची तीन बंदरं अंदमानच्या राजधानीपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, प्रत्येकी सुमारे बाराशे किलोमीटर. या राजधानीचं पोर्ट ब्लेअर हे नाव २०२४ च्या सप्टेंबरात बदलून श्रीविजयपुरम करण्यात आलं. तिकिटांवर आणि लोकांच्या बोलण्यात अजून दोन्ही नावं भेटतात, तेव्हा गोंधळून जाऊ नये.

हिंगोलीकरांसाठी विमानाचा सरळ रस्ता हैदराबादवरून जातो. हिंगोलीवरून अकोला-पूर्णा लोहमार्ग जातो. तो ब्रॉडगेज झाल्यापासून हैदराबादच्या काचीगुड्याकडं जाणारी गाडी घरच्या स्टेशनातून मिळते. नाहीतर नांदेड गाठावं, तिथून हैदराबादकडं रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत. नांदेडला विमानतळ आहे, पण तिथली सेवा बंद-सुरू होत आलेली आहे, तेव्हा तिच्या भरवशावर पुढचं विमान ठरवू नये. हैदराबादहून श्रीविजयपुरमला थेट विमानं मिळतात. वेळ अडीच तासांच्या आसपास. थेट मिळालं नाही तर चेन्नईवरून जावं, तिथून सव्वादोन तास पुरतात.

या विमानप्रवासात एक गोष्ट वेगळी आहे. पुण्याहून नागपूरला निघालेल्या विमानाला नागपुरात उतरता आलं नाही तर जवळपास दुसरा विमानतळ असतो. समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटाला तशी सोय नसते. तिथं ढग उतरले, वारा फिरला आणि उतरता आलं नाही, तर विमानाला पुन्हा मुख्य भूमीच गाठावी लागते. म्हणून परतीला पुरेल इतकं इंधन बरोबर घेऊनच ते निघतं. पावसाळ्यात विमान श्रीविजयपुरमवर घिरट्या घालून चेन्नईला किंवा कोलकात्याला परतल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा वेळी प्रवासी चिडतात. मला वाटतं, त्या वैमानिकाचे आभार मानावेत.

वीर सावरकर विमानतळाची धावपट्टी मुळात दुसऱ्या महायुद्धातली. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात बेटं जपानच्या ताब्यात होती, तेव्हा जपान्यांनी ती तयार करवून घेतली. आज ती तीन किलोमीटरहून लांब आहे. पण एका टोकाला टेकड्या असल्यामुळे विमानं सहसा एकाच बाजूनं उतरतात आणि उलट बाजूनं उडतात. हाच नौदलाचाही तळ आहे, त्यामुळे मुलकी विमानांना वेळेच्या मर्यादा पाळाव्या लागत आल्या आहेत. शिंपल्याच्या आकाराच्या नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन १८ जुलै २०२३ रोजी झालं.

उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट जाणवते. घड्याळ तेच, पण सूर्य वेगळा. हिंगोली सुमारे ७७ अंश रेखांशावर आहे, श्रीविजयपुरम जवळपास ९३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तासाभराचा फरक पडतो, आणि भारतभर घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास दिवस मावळतो. त्यामुळे तिथलं सगळं लवकर सुरू होतं आणि लवकर संपतं. बोटी पहाटे सहापासून सुटतात आणि दुपार कलली की परतीच्या बोटी आटोपत येतात. आपल्याकडच्या सवयीनं दहाला न्याहारी करून बाहेर पडणाऱ्याचा अर्धा दिवस तिथं वाया जातो.

जहाजानं

जहाजाचा प्रवास फार कमी पर्यटक करतात, आणि ही मला खरोखर खंत वाटते. ज्यांना वेळ आहे आणि प्रकृती धड आहे, त्यांनी एका बाजूचा प्रवास तरी जहाजानं करावा, असं मी आग्रहानं म्हणेन.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तिन्ही बंदरांतून प्रवासी जहाजं सुटतात. चेन्नई आणि कोलकात्याहून महिन्यातून काही फेऱ्या असतात, विशाखापट्टणमहून त्याहून कमी. चेन्नईहून साधारण साठ तास लागतात, कोलकात्याहून थोडे जास्त. कोलकात्याला बंदर समुद्रावर नाही, हुगळी नदीवर आहे. तिथून निघालेलं जहाज आधी शे-दोनशे किलोमीटर नदीतून जातं, तेही भरतीची वेळ साधून आणि नदीतल्या वाळूच्या पट्ट्यांची खडान्‌खडा माहिती असलेल्या पायलटला बरोबर घेऊन. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे, त्यामुळे तिथली तारीख जुळली तर आपल्यासाठी ते बंदर सर्वांत सोयीचं. ‘एम. व्ही. स्वराज द्वीप’ हे या मार्गावरचं मोठं जहाज विशाखापट्टणमच्याच हिंदुस्थान शिपयार्डात बांधलेलं आहे आणि एका खेपेला सुमारे बाराशे माणसं नेतं.

तिकिटांचे वर्ग असतात. सर्वांत स्वस्त ‘बंक’. जहाजाच्या खालच्या भागातली मोठी दालनं, त्यांत एकावर एक लोखंडी बर्थ, रेल्वेच्या स्लीपर डब्यासारखे पण एकेका दालनात शेकडो. वर केबिनचे वर्ग: काहींत चार-सहा जण, काहींत दोघे. जेवण जहाजावर मिळतं. भात, सांबार, भाजी, अंडी असं साधंच असतं, ज्वारीच्या भाकरीची आशा धरू नये. चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बरोबर असेल तर तीन दिवस सुखाचे जातात. दशम्या दुधातल्या घ्या, म्हणजे टिकतात.

बंकमध्ये पर्यटक थोडे आणि बेटांवर राहणारी माणसं जास्त. चेन्नईला दवाखान्यासाठी आलेलं कुटुंब, सुटीवरून परतणारे मजूर, कॉलेजात शिकणारी मुलं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना स्वातंत्र्यानंतर अंदमानात जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यांची नातवंडं-पतवंडं बंगाली बोलत असतात. तमिळ असतात, तेलुगू असतात, छोटा नागपूरच्या पठारावरून जंगलकामासाठी नेलेल्या आदिवासींचे वंशज असतात. यांची एकमेकांशी बोलायची भाषा हिंदी. कैद्यांच्या वसाहतीत हिंदुस्थानभरची माणसं एकत्र पडली आणि त्यांनी ती जोडभाषा केली. आता तिथल्या मुलांची ती घरची बोली झाली आहे. बेटं म्हणजे काय, हे पर्यटनाच्या माहितीपत्रकापेक्षा या दालनात जास्त कळतं.

पहिल्या दिवशी किनारा मागं पडतो आणि काही तासांत मोबाईलची रेंज जाते. पाण्याचा रंग बदलतो. किनाऱ्याजवळ मातकट, मग हिरवट, मग इतका गडद निळा की ओंजळीत घेतला तर हात माखेल असं वाटावं. या निळ्याखाली अडीच-तीन किलोमीटर पाणी असतं. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. ते इथं बुडवलं तरी माथ्यावर एक-सव्वा किलोमीटर पाणी राहील. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत एकही झाड नाही, एकही पक्षी नाही. कधी उडत्या माशांचा थवा पाण्यातून सुटतो, पन्नासेक मीटर तरंगत जातो आणि पुन्हा आत शिरतो. माणसं डेकवर येतात, कठड्याला टेकतात आणि बोलायची थांबतात. रात्री डेकवर अंधाऱ्या जागी उभं राहिलं तर आपल्याकडं विजेचे दिवे येण्याआधी खळ्यावर निजणाऱ्यांनी जसं आकाश पाहिलं असेल, तसं आकाश दिसतं.

तिसऱ्या दिवशी क्षितिजावर हिरवी रेघ उमटते. ती दिसेपर्यंत सगळ्यांनी डेकवर गर्दी केलेली असते. ही बेटं म्हणजे म्यानमारच्या आराकान योमा पर्वतरांगेचंच समुद्रात बुडालेलं शेपूट. वर आलेली शिखरं तेवढी बेटं म्हणून दिसतात. उत्तर अंदमानातलं सॅडल पीक ७३२ मीटर उंच आहे. बेटं डोंगराची असल्यामुळे खोल, वाऱ्यापासून सुरक्षित अशी नैसर्गिक बंदरं तिथं मिळाली, आणि मोठं जहाज थेट श्रीविजयपुरमच्या हॅडो धक्क्याला लागतं.

लक्षद्वीपला हे शक्य होत नाही. ती बेटं प्रवाळांची, पाण्याबाहेर जेमतेम मीटर-दोन मीटर आलेली, आणि भोवती उथळ खाजण. कोचीहून निघालेलं जहाज बऱ्याच बेटांबाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जातात. लाटेवर होडी वर-खाली होत असताना जहाजाच्या दारातून तिच्यात पाय टाकायचा असतो. खलाशी दंड धरतात आणि लाट वर आली की म्हणतात, आता. अगत्तीचा विमानतळही जेमतेम सव्वा किलोमीटर धावपट्टीचा, म्हणून तिथं लहान विमानंच उतरतात. शिवाय लक्षद्वीपला भारतीयांनाही आधी परवाना काढावा लागतो. अंदमानच्या पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या भागांत जायला भारतीयांना तसा परवाना लागत नाही.

बोट लागते, तेव्हा

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्राची पहिली धास्ती असते ती हीच. एसटी घाटात लागते ती कशामुळे, हे समजलं की बोटीचं भय निम्मं कमी होतं. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. बंद केबिनमध्ये बसलं की डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. कान सांगतो, आपण वर-खाली होतोय. या दोन उलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. यावर उपाय म्हणजे दोन्ही निरोप जुळवून देणं. उघड्या हवेत यावं आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. पुस्तक आणि मोबाईल बंद करावा. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी बसतात, टोकाला सर्वांत जास्त. पोट रिकामं ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा चघळल्यानं पुष्कळांना आराम पडतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि बोटीत चढण्याआधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मोठ्या जहाजावर बहुतेकांना पहिल्या दिवसानंतर सवय होते.

खरा त्रास होतो तो एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, आणि शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील, इथं जायला दोन प्रकारच्या बोटी आहेत. ही नावं ३० डिसेंबर २०१८ रोजी दिली गेली. फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सरकारी बोटी सुटतात. त्यांना अडीच तासांच्या आसपास लागतात, तिकीट स्वस्त, आणि वर मोकळा डेक. धक्क्यावर पाहावं तर भाजीच्या क्रेट, कोंबड्यांची खुराडी, मोटारसायकली, रंगाचे डबे, शाळेचं सामान, सगळं याच बोटीत चढत असतं. बेटावर जे पिकत नाही ते सारं असंच येतं. खासगी बोटी वेगवान असतात, दीड तासात पोचवतात. त्यांतल्या बऱ्याच कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद तळ शेजारी जोडून वर बैठक केलेल्या. दोन तळांमुळे बोट आडवी कमी डोलते आणि पाण्याचा अडथळा कमी झाल्यानं वेग मिळतो. पण बैठक बंद, वातानुकूलित, आणि प्रवास चालू असताना बहुतेक वेळ जागेवरच बसावं लागतं. ज्यांना बोट लागते त्यांनी सरकारी बोटीचा डेक पसंत करावा.

रस्त्यानं उत्तरेकडं बाराटांगला जायचं तरी मध्ये समुद्राची खाडी येते आणि तिथं बस, जीप, माणसं एकाच सपाट बोटीवर चढवून पलीकडं नेतात. त्याआधीचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानंच सोडतात. थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला सक्त मनाई आहे आणि ती अक्षरशः पाळावी. त्या जंगलाचे मालक ते आहेत.

समुद्रावर नियम का पाळायचे, हे महाराष्ट्राला शिकवायची गरज पडू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आषाढातली अमावस्या होती, माणसं सणाला घरी निघाली होती. अंदमानातही २६ जानेवारी २०१४ रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली एक पर्यटक बोट उलटून वीसहून अधिक जण गेले. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, मांडीवर ठेवायचं नसतं. बोटीत गर्दी जास्त वाटली तर उतरून जावं, पैसे गेले तरी चालतील.

वादळाचं गणितही समजून घ्यावं. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं मुख्यतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन मोसमांत होतात. डिसेंबर म्हणजे पर्यटनाचाही मोसम. २०१६ च्या डिसेंबरात ‘वरदा’ वादळ आकार घेत असताना स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपावर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. बोटी बंद, विमानं चुकलेली. शेवटी नौदलानं जहाजं पाठवून त्यांना सोडवलं. बोटी बंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याशी लोक अशा वेळी वाद घालतात. तो आपला जीव वाचवत असतो.

तर मग कसं जावं

चार-पाच दिवसांचीच रजा असेल, घरात म्हातारी माणसं असतील, कुणाला हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर दोन्ही बाजूंनी विमान. यात दुसरा विचार करू नये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानानं जायची खास मुभा वेळोवेळी दिली गेली आहे. टपाल आणि रेल्वे खात्यातल्या मंडळींनी आपल्या कार्यालयात तिची चौकशी जरूर करावी.

दहा-बारा दिवस हाताशी असतील तर जाताना जहाज आणि येताना विमान. उलट करू नये. परतीचं जहाज लांबलं तर रजा संपते आणि माणूस कावतो. जाताना उशीर झाला तर फक्त एक मुक्काम कमी होतो. शिवाय आधी विमानानं गेलेल्याला बेट समुद्रकिनाऱ्यावरच्या आणखी एका गावासारखं वाटतं. तीन दिवस पाण्यावरून गेलेल्याला ते किती दूर आहे हे अंगानं कळतं, आणि मग सेल्युलर जेलच्या गच्चीवर उभं राहिल्यावर समोरच्या पाण्याकडं पाहून काही समजावून सांगावं लागत नाही. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तर जहाजाचाच विचार करावा.

जहाजाच्या तारखा फार आधी जाहीर होत नाहीत आणि झालेल्याही बदलतात. म्हणून आधी जहाजाची तारीख पक्की होऊ द्या, मग रेल्वेचं आरक्षण करा आणि सर्वांत शेवटी परतीचं विमान. सुटण्याच्या बंदरात आदल्या दिवशीच पोचा, आधार कार्ड मूळचं बरोबर ठेवा. सोयाबीन निघून हाती पैसा आलेला असतो आणि थंडीत समुद्र बराच शांत असतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सर्वांत सोयीचे. आणि एक गोष्ट कितीही गडबड असली तरी सोडू नका: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम बाहेरच्या बेटावर न ठेवता श्रीविजयपुरममध्येच ठेवा.